तिला गाडी लागते

"हिला गाडी लागते." आमच्या घरात हे वाक्य इतक्यांदा बोललं गेलंय की त्यातले शब्द कुणाला ऐकू येईनासे झाले. कुणाच्या लग्नाला जायचं निघालं की हिला गाडी लागते. बीडला बाजाराला जायचं असलं की हिला गाडी लागते. आणि गाडी लागणं हा काही आजार आहे असं आमच्याकडं कुणी धरत नाही. बायकांना गाडी लागते, एवढंच. त्यावरचा इलाजही ठरलेला आहे. हातात लिंबू, तोंडात आवळासुपारी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि उतरल्या उतरल्या चूळ भरायला पाणी. माझी बायको हे सगळं निमूट करायची. मी गाडी चालवायचो आणि हसायचो.

मी मास्तर होतो. नेकनूरच्या आसपासच्या शाळांत तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि आता निवृत्त होऊन गावातच घर करून राहिलोय. गाडी पेट्रोलची आहे, पंचवीस वर्षं जुनी, बीडच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. घेतली तेव्हा पांढरी होती. तिला कुठल्याही गॅरेजवाल्याचा हात मी लागू दिलेला नाही. गॅरेजवाल्यांचं मला पटत नाही. ते बॉनेट उघडतात, आत बघतात, मग आपल्याकडं बघतात, आणि आपल्याकडं बघूनच काय बिघडलंय ते ठरवतात. माझी पत्र्याची पेटी आहे, तीत पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, फाईल, वायरीचे तुकडे असं सगळं आहे. अंगण आहे. डोकंही आहे, असं मी समजत होतो.

बायको मात्र गाडीवर कधीच खूश नव्हती. "मला एसटी लागत न्हाई," ती म्हणायची, "तुमचीच गाडी लागती." हे ती मला डिवचायला म्हणते असं मी धरून चाललो होतो. मग मीही काहीतरी बोलायचो. एसटीत तुला कंडक्टर बरा वाटत असेल, असं काहीतरी. एकदा म्हणाली, "पयल्यांदा लागत नव्हती. दोनेक वर्सं झाली." मी म्हणालो, वय झालं आता. एकदा म्हणाली, "थंडीत जास्त लागती." मी म्हणालो, थंडीत पित्त वाढतं. थंडीत पित्त वाढतं हे मी कुठून काढलं मला माहीत नाही. पण पित्त म्हटलं की आमच्याकडं बोलणं संपतं. डोकं दुखलं पित्त, मळमळलं पित्त, चक्कर आली पित्त. तिनंही ते मानलं आणि रोज सकाळी कोकमाचं सरबत प्यायला लागली.

मग हळूहळू तिनं गाडीत बसणंच सोडलं. आईला भेटायला चकलांब्याला जायचं तर नेकनूरहून बीड, बीडहून गेवराई, गेवराईहून चकलांबा अशा तीन एसट्या बदलून जायची. मी दारात गाडी उभी असताना ती स्टँडवर जाऊन उभी राहते याचा मला रागच यायचा. गावात लोक काय म्हणत असतील, असं मी तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "काय म्हनायचं ते म्हनू द्या. मला आईच्या दारात वकत उतरायचं न्हाई."

या मागच्या हिवाळ्यात मात्र गाडीवाचून इलाज राहिला नाही. सासूबाईंच्या एका डोळ्यानं दिसणं केव्हाच बंद झालं होतं आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर म्हणाले, आता लांबवू नका. मेहुणा आणि त्याची बायको दिवाळी झाल्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येणार. घरात म्हातारी एकटी. शेजारीण भाकरी करून देते तेवढाच आधार. एसटीच्या पायरीवरून एकदा पडल्यापासून त्या एसटीचं नाव काढू देत नाहीत. तेव्हा आम्हीच गाडी घेऊन जायचं, त्यांना बीडच्या दवाखान्यात आणायचं, हे ठरलं. तारीख मिळाली. हातात बारा दिवस होते.

बायको म्हणाली, "आईसाठी मी बसंन. लागली तर लागली."

गाडीच्या पीयूसीची मुदत उलटून गेली होती. महामार्गावर अडवलं आणि म्हातारीला गाडीत ठेवून हुज्जत घालत बसायची वेळ आली तर काय, म्हणून मी आधी ते काम काढलं. बीडच्या रस्त्यावर एका पेट्रोल पंपाशेजारी पीयूसीची व्हॅन उभी असते. ती चालवणारा माझाच विद्यार्थी, आता चाळिशीला आलेला, पोट सुटलेला. दहावीला विज्ञानात काठावर पास झाला होता, आणि तो काठही मीच थोडा अलीकडं ओढला होता. त्यानं पाया पडून नळी सायलेन्सरमध्ये घातली, यंत्राकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"सर, फेल हाय."

"परत बघ."

त्यानं परत बघितलं. परत फेल. मास्तरला फेल म्हणायची पाळी आली म्हणून तो बिचारा माझ्याहून जास्त लाजला होता. मीच त्याला म्हणालो, आठ दिवसांनी येतो.

घरी येऊन मी कामाला लागलो, आणि खरं सांगायचं तर मजेत लागलो. पेट्रोल जास्त जळतंय आणि हवा कमी मिळतेय, हे मागच्या पाईपातल्या काजळीवरूनच कळत होतं. एअर फिल्टर काढला. दोन हंगाम कापसाच्या गाड्यांच्या मागून गाडी चालवल्याचा सगळा पुरावा त्यात होता. धूळ आणि कापसाचे तंतू यांची पार गादी झाली होती. नवा फिल्टर घातला. प्लग काढले, तेही काळेकुट्ट. तारेच्या ब्रशनं घासून घेतले. मग चोकची तार बघितली. डॅशबोर्डावरचं बटण आत ढकललं तरी तार निम्म्यातच अडकून राहत होती, म्हणजे गाडी दोन वर्षं अर्ध्या चोकवरच पळत असणार. तारेला तेल दिलं, खालची स्प्रिंग बदलली. कार्बोरेटरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून इंजिनचा सूर लावत बसलो. बायको चहा घेऊन आली आणि ओट्यावर बसून बघत राहिली. "लई खूश दिसूलाले," म्हणाली. मी खूशच होतो.

आठ दिवसांनी परत गेलो. यंत्रावर आकडा चांगला आला. मी पास झालो असं समजून खिशातून गाडीचे कागद काढायला लागलो. पण तो माझा विद्यार्थी गाडीच्या मागं उकिडवा बसला आणि त्यानं तळहात सायलेन्सरच्या तोंडापुढं धरला. मग गाडीच्या खाली वाकून कान लावला.

"सर, आकडा बसूलालाय, पन माझं मन न्हाई बसत."

"का रे?"

"धूर लई कमी येऊलालाय. मधीच कुठंतरी फुटलंय. म्हनून आकडाबी चांगला दिसतोय, बाहेरची हवा मिसळूलाली."

मी म्हणालो, असेल बारीकसं भोक, बघतो घरी जाऊन. तू कागद दे.

तो उठून उभा राहिला, हात पुसले. "सर, तुमीच शिकवलंय. जेवढं आत गेलं तेवढं बाहेर आलंच पायजे. आता इथून निम्मंच बाहेर येतंय. मग बाकीचं कुठं जातंय?"

तीस वर्षांत वर्गातल्या एकाही पोरानं मला असा प्रश्न विचारला नव्हता, आणि विचारला तो यानं. मला राग आला. आपलीच छडी आपल्याला लागली की येतो तसला. त्यानं सर्टिफिकेट दिलं नाही. मी वाटभर त्याला मनातल्या मनात शिव्या घालत घरी आलो. तारखेला चार दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं पडल्यावर पुढची चाकं दोन ओंडक्यांवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले आणि पोतं अंथरून गाडीखाली शिरलो. इंजिनपासून मागपर्यंत पाईप जातो, त्यावर मधोमध एक पत्र्याचा पट्टा होता. तो मीच बसवलेला. तीन वर्षांपूर्वी पाईपाला गंज लागून चीर पडली, तेव्हा गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून, खाली पुट्टी भरून, वर दोन तारा आवळून मी तो जोड दिला होता. त्या कामाचा मला अभिमान होता, शेजाऱ्यांना बोलावून दाखवलाही होता. आता पुट्टी भाजून भुगा झाली होती आणि पत्र्याच्या कडा उचलल्या होत्या. तरी पण मला वाटलं, गळती असेल ती इंजिनजवळच्या जोडावर. स्वतःच्या हातच्या कामावर माणूस सगळ्यात शेवटी संशय घेतो.

गळती कुठं आहे हे शोधायची माझी पद्धत साधी. इंजिन चालू करायचं, मागून पाईपाचं तोंड ओल्या पोत्यानं दाबायचं आणि साबणाचं पाणी जोडांवर शिंपडत बुडबुडे बघायचे. त्याला दुसरं माणूस लागतं. मी बायकोला हाक मारली. इंजिन चालू केलं, मागच्या पाईपात ओलं पोतं कोंबलं आणि तिला म्हणालो, गाडीत बस, मी सांगेन तेव्हा ॲक्सिलरेटर हळूच दाब. ती हात पुसत आली, डोक्याला गार वारं लागू नये म्हणून दार ओढून घेतलं, काच वर केली.

मी खाली पाण्याचा तांब्या घेऊन झोपलो होतो. इंजिनजवळचा जोड कोरडाच. पुढं सरकलो. माझ्या पट्ट्यावर पाणी टाकलं आणि कपड्यांच्या टबात फेस यावा तसा फेस आला. चीर वीतभर लांब झाली होती. गरम धूर फसफसत वर चालला होता, सरळ वर, गाडीच्या बुडाकडं.

वरून बायकोचा आवाज आला. "अहो, बास करा आता. मला गाडी लागली."

मी खालून ओरडलो, "गाडी उभी आहे! उभी गाडी कशी लागेल?"

"तेच म्हनतेय की. गाडी जागची हलली न्हाई तरी लागूलाली. कावून लागूलाली मला काय म्हाईत? डोकं गच्च झालंय."

मी हसायला तोंड उघडलं. आणि तसाच राहिलो. कारण मान वळवली होती आणि माझ्या डोळ्यांपुढं, डाव्या बाजूच्या सीटच्या बरोबर खाली, गाडीच्या पत्र्यात एक गोल भोक होतं. आरपार. त्यातून वरच्या रबरी चटईचा तळ दिसत होता आणि त्या तळावर काजळीचं गोल वर्तुळ उमटलं होतं.

"उतर!" मी ओरडलो. "उतर आधी! दार उघड!"

तिला वाटलं ॲक्सिलरेटर जास्त दाबला म्हणून मी चिडलो. मी चिडतो हे तिच्या सवयीचं आहे. ती उतरली, आत गेली, कपाळाला फडकं आवळून आडवी झाली. मी गाडीखालून निघालो, हात लांब करून इंजिन बंद केलं आणि तिथंच गाडीच्या दारात बसून राहिलो.

कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन, विषारी वायू आहे. इंधनाच्या अपूर्ण ज्वलनातून तो तयार होतो. रक्तात मिसळल्यास डोकेदुखी, मळमळ, चक्कर. बंद जागेत प्राणघातक. हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला उतरवून द्यायचो. स्वल्पविरामासकट. रंगहीन आणि गंधहीन यांच्या खाली दोन रेघा मारायला लावायचो, कारण परीक्षेत यायचं. आणि माझी बायको तीन वर्षं माझ्याच शेजारी बसून मला डोकेदुखी, मळमळ, चक्कर सांगत होती आणि मी तिला पित्त सांगत होतो. थंडीत जास्त लागायची, कारण थंडीत ती काच लावून घ्यायची. मला कधी लागली नाही, कारण मला तंबाखूची सवय, थुंकायला माझी काच बारा महिने खाली.

ते भोक कुठून आलं हेही मला आठवलं. लगेच आठवलं, ते जास्त वाईट. तीन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला, पूजेसाठी गाडी धुतली तेव्हाची गोष्ट. सगळेच धुतात, पण मी नेहमीप्रमाणे शहाणा. चटया काढून आतसुद्धा बादलीनं पाणी ओतलं, खराट्यानं घासलं, न्हाणी धुवावी तसं. पाणी तुंबलं. डाव्या सीटखाली पत्र्यात एक जाड रबरी बूच दिसलं. ते उपसून काढलं, आणि पाणी भसकन निघून गेलं. मला इतका आनंद झाला! पुढच्या वर्षीही असंच धुता येईल म्हणून बूच परत लावलंच नाही. वर चटई टाकली, गाडीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला.

आणि त्या बुचाचं काय केलं? मी उठून स्वयंपाकघरात गेलो. मोरीच्या तोंडाला ते बसलेलं होतं. काळं, जाड, काठाला घडी असलेलं. मोरीतून झुरळं येतात, वास येतो, म्हणून बायको कधीची मागं लागली होती, आणि मी त्याच खंडेनवमीला हे बूच तिच्या मोरीला लावून दिलं होतं. असं चपखल बसलं की ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. "मास्तरांनी केलं," म्हणायची. "आता घरात वास म्हनून न्हाई."

ती आतल्या खोलीतून म्हणाली, "काय पायजे?"

"काही नाही," मी म्हणालो. "पाणी."

मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. मला लाज वाटत होती, आणि लाजेच्या बरोबरीनं भीती वाटत होती. तीन दिवसांनी मी त्याच सीटवर, त्याच भोकावर, ऐंशीच्या घरातल्या म्हातारीला बसवून, थंडी वाजते म्हणून चारी काचा लावून दोन तास आणणार होतो. तिनं रस्त्यात मान टाकली असती तर आम्ही म्हणालो असतो, म्हातारं माणूस, प्रवास झेपला नाही. हे मला त्या रात्री जेवताना सुचलं आणि मी ताटावरून उठलो.

त्या तीन दिवसांत मी गाडीशी जे केलं ते कुणाला बोलावून दाखवलं नाही. पाईप सोडवायचा तर बोल्ट गंजून एकजीव झालेले. त्यांना डिझेल पाजून ठेवलं, दोन सुटले, तिसरा मोडला, तो हॅक्सॉनं कापला. सडलेला भाग काढून पाईप गावातल्या ट्रॉल्या जोडणाऱ्या वेल्डरकडं नेला. आयुष्यात पहिल्यांदा गाडीचा एक भाग दुसऱ्याच्या हातात दिला आणि त्याला म्हणालो, तुला जमेल तसं नको, नीट कर. त्यानं नवा तुकडा घालून चांगली शिलाई मारली. इंजिनजवळचं गॅस्केट बदललं, पाईप टांगायची रबरं बदलली. बीडहून नवं बूच आणलं. मोरीतलं काढलं असतं तर तिनं कारण विचारलं असतं. नवं बूच बसवलं, खालून-वरून पट्टी मारली. मग काचा लावून, इंजिन चालू ठेवून, गाडीच्या आत मी एकटा अर्धा तास बसलो. डोकं दुखलं नाही. तरी खात्री होईना म्हणून साबणाचं पाणी परत मारलं. एकही बुडबुडा आला नाही.

व्हॅनवाल्यानं तळहात सायलेन्सरपुढं धरला आणि हसला. आकडाही बसला. "सापडला का सर, बाकीचा धूर?"

"सापडला."

"कुठं व्हता?"

"घरातच होता," मी म्हणालो. त्याला वाटलं मी मस्करी करतोय. त्यानं कागद दिला आणि परत पाया पडला. मला त्या दिवशी ते नको झालं.

तारखेच्या दिवशी सकाळी चकलांब्याला पोचलो. बायको शेजारी बसली होती. मुठीत लिंबू, मांडीवर पिशवी. गेवराई मागं पडली, तेव्हा तिनं पिशवीची घडी घातली. चकलांब्याची कमान दिसली, तेव्हा माझ्याकडं एकदा बघितलं.

सासूबाईंना पुढं बसवलं, कारण मागं वाकून शिरणं त्यांना जमेना. बायको मागं बसली. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. जावयाशी सरळ बोलायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. पदर पुढं ओढून घेतात आणि जे सांगायचं ते लेकीला सांगतात, मी हातभर अंतरावर असलो तरी. गाडी सुरू होताच त्या म्हणाल्या, "पाव्हण्यांना म्हन, काचा लावून घ्या. गार लागतंय."

बायकोनं मला म्हटलं, "काचा लावा म्हनतेय आई."

मी चारी काचा लावल्या. माझीसुद्धा. तंबाखूची पुडी त्या दिवशी घरी ठेवली होती.

गेवराईच्या पुढं आल्यावर सासूबाई मागं तोंड करून म्हणाल्या, "तुला गाडी लागायची ना गं? आज लागली न्हाई ती?"

"न्हाई आये," बायको म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतका आनंद होता की मला आरशात बघवेना. "मीच आता बरी झाले. कोकम पिऊन पिऊन पित्त मोडलं माझं. उगंच गाडीला बोल लावत व्हते. ह्यांना किती बोलले मी या गाडीवरून."

माझ्याकडून चूक झाली तर मी आधी दुसऱ्यावर ओरडतो, मग गप्प बसतो, मग विसरतो. एवढं मला जमतं. पण तीन वर्षं विष खाल्लेलं माणूस मागं बसून माझीच माफी मागत होतं. ते ऐकून गप्प बसणं मला जमलं नाही. मी गाडीचा वेग कमी केला आणि समोर बघतच सांगितलं. पाईप फुटला होता. तो मी पत्र्यानं जोडला होता. धूर आत येत होता. डाव्या सीटखालचं बूच मी काढलं होतं, खंडेनवमीला, पाणी जावं म्हणून. मोरीला लावलंय ते बूच. तुझं पित्त कधीच नव्हतं.

बायको दोन सीटच्या मधून पुढं वाकली.

"मोरीचं बूच?" ती म्हणाली.

"हो."

सासूबाईंनी पदर सारखा केला. मग लेकीला म्हणाल्या, "पाव्हण्यांना म्हन, आमाला दिसत न्हाई. पन ऐकू समदं येतंय."

बायकोनं ते मला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

दवाखान्यात नर्स सासूबाईंना हाताला धरून आत घेऊन गेली आणि आम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसलो. बायकोच्या मुठीत अजून लिंबू होतं. तळहाताच्या उबेनं ते मऊ पडलं होतं. ती भांडेल म्हणून मी तयार होऊन बसलो होतो, पण ती भांडली नाही. लिंबाकडंच बघत होती.

"बूच काढलं त्याचं काय न्हाई," ती म्हणाली. "तुमाला तरी काय म्हाईत. पाईप फुटला त्याचंबी काय न्हाई. गाडी लागायची, तीबी सोसली मी." तिनं लिंबू बाकड्यावर ठेवलं. "पन मी सांगायचे आन् तुमी हसायचे. ते लई लागायचं."

समोर डोळ्यांना पट्ट्या बांधलेली माणसं रांगेनं बसली होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"आं?" ती म्हणाली.

तिला ऐकू गेलं होतं. तिचे कान तिच्या आईसारखेच आहेत. मी परत म्हणालो, मोठ्यानं, बाकड्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.